बाक तेवढे सोडा : बागेत कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
पणजीत चर्चसमोरच्या बागेत वर्षभर काही ना काही कार्यक्रम भरवणारी सर्व मंडळं, संस्था आणि त्यांचे उत्साही कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एका मंडळाला नाही. नावं घेण्यात मला रस नाही. खरं सांगायचं तर तुम्हा मंडळींचे मांडव इतके एकसारखे असतात की काल कुणाचा होता आणि आज कुणाचा, हे बॅनर वाचल्याशिवाय कळतही नाही. परवानगी कोण देतं, किती पैसे भरावे लागतात, हा विषयही इथे काढत नाही. अर्ज तुम्ही करता, मांडव तुम्ही घालता, म्हणून बोलणं तुमच्याशी.

मी डिचोलीहून रोज पणजीला कामाला येते. अठरा जून रस्त्यावरच्या एका ऑफिसात हिशेब लिहिते. मुलगा इथल्याच हायस्कूलात आठवीत आहे. माझं ऑफिस साडेपाचला सुटतं, त्याची गणिताची शिकवणी सातला सुटते, मग दोघं मिळून कदंब स्टँडवर जाऊन बस धरतो. मधल्या वेळाचं काय करायचं? हॉटेलात बसावं तर चहा संपला रे संपला की पोऱ्या फडकं घेऊन टेबल पुसायला हजर. दुकानांतून हिंडावं तर नको ती वस्तू पिशवीत येते. राहिली बाग. तिथे बसायला पैसे पडत नाहीत आणि 'तुम्ही इथे कशासाठी?' असं कुणी विचारत नाही. निदान एरवी तरी विचारत नाही.

या वेळेला बाग कोण वापरतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का? कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, एरवी, एखाद्या साध्या मंगळवारी?

शिकवणीवाल्या आया तर आहोतच. आमचा एक कोपरा ठरलेला आहे. तिथे मार्कांची, माशांच्या भावांची आणि सासवांची चर्चा होते. पलीकडच्या बाकावर बँकेतून निवृत्त झालेले दोघे असतात. एकजण 'गोमन्तक' आणतो, दुसरा 'तरुण भारत', आणि अर्ध्या तासाने न बोलता अदलाबदल होते. पणजीतल्याच मळा भागातून एक आजी येतात, सोबत त्यांना सांभाळणारी मुलगी. आजी पूर्वी मराठी शाळेत शिकवायच्या. अजूनही एखादं पोर हिरवळीवरून धावलं की ठणकावून विचारतात, "ए, कुणाचा रे तू?" आणि पोर खरोखरच थांबून बापाचं नाव सांगतं. चर्चच्या पायऱ्यांचे फोटो काढून दमलेले पर्यटक चपला काढून बसतात. चणेवाला फेरी मारून जातो.

आणि हॉटेलांत राबणारी मुलं. ओडिशाची, झारखंडची, आसामची. दुपारची पाळी संपलेली असते, रात्रीची सुरू व्हायची असते. खोलीवर जावं तर एका खोलीत सातआठजण, म्हणून इथे येतात. त्यांच्यातला एकजण फोन बाकाच्या पाठीला टेकवून ठेवतो आणि आपण समोर हिरवळीच्या कडेला उकिडवा बसतो, म्हणजे घरच्यांना तो अख्खा दिसतो. एकदा त्याने फोन उचलून आईला सगळं चर्च दाखवलं होतं. खालच्या पायरीपासून सुरुवात, मग नागमोडी वर, मग घंटा. घंटेपाशी बराच वेळ हात वर धरून उभा होता, कारण पलीकडून आईला ती दिसत नव्हती. मी मनात म्हटलं, सांग रे तिला, ही जुन्या गोव्यातल्या पडलेल्या ऑगस्टिनियन मठातली घंटा आहे, 1871 साली इथे चढवली. पण त्याची भाषा मला येत नाही, आणि त्याला बहुधा घंटेपेक्षा आईच्या तोंडाकडे बघायचं होतं.

ही सगळी माणसं म्हणजे बागेची रोजची उपस्थिती. निमंत्रणपत्रिका छापावी लागत नाही.

आता कार्यक्रमाचा दिवस. दुपारी तीनच्या सुमारास टेम्पो लागतो. लोखंडी सांगाडा उतरतो, पाठोपाठ प्लायवूड, लाल कार्पेट, जनरेटर. चार वाजता 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' सुरू होतं ते पाहुणे येईपर्यंत थांबत नाही. हलवता येतील ते बाक एका बाजूला जातात. जे हलत नाहीत त्यांच्यावर साउंडवाल्यांच्या काळ्या पेट्या आणि वायरींची भेंडोळी. त्यांच्या पुढ्यात पांढरे झगे घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा, आणि अगदी पुढे दोन सोफे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी मी आमच्या कोपऱ्यात गेले तर छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता पुढे आला. मुलगा चांगल्या घरचा वाटला, बोललाही नम्रपणे. "बाय, आज कार्यक्रम आसा, हांगा बसपाक मेळचें ना." मी म्हटलं, मग कुठे बसू? त्याने खुर्च्यांकडे पाहिलं, जरा घुटमळला. "खुर्च्यो आसात, पूण त्यो निमंत्रितांक." निमंत्रित अजून घरून निघालेही नव्हते. कार्यक्रम सहाचा होता, सुरू झाला पावणेसातला. तोवर त्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मळ्यातल्या आजी रस्त्यापलीकडे चर्चच्या खालच्या पायरीवर रुमाल अंथरून बसल्या होत्या. सोबतची मुलगी त्यांना डास लागू नयेत म्हणून पदराने वारा घालत होती. हॉटेलातली मुलं आली, फाटकापाशी थबकली आणि निघून गेली. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. अशा लोकांना जा म्हणावं लागत नाही, लाल कार्पेट दिसलं की ती आपोआप जातात.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटोसह बातमी होती, कार्यक्रमाला रसिकांचा उदंड प्रतिसाद. फोटोत मागे उभी असलेली माणसं मी ओळखली. त्यातली निम्मी बसायला जागा शोधत होती.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. बाग मध्यवर्ती आहे, सभागृहाच्या मानाने स्वस्त पडते आणि इथे गर्दी तयार असते. तिसरं कारण खरं महत्त्वाचं. इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझात किंवा कला अकादमीत कार्यक्रम ठेवला तर माणूस घरून ठरवून यावा लागतो, आणि तो येईलच याची तुम्हाला खात्री नसते. बागेत माणसं आधीच असतात. त्यांना उठवायचं, भोवती उभं करायचं आणि प्रेक्षक म्हणून मोजायचं. शिजलेल्या भाताच्या टोपात आपली पळी घालावी, तसला हा हिशेब.

गैरसमज नको, सार्वजनिक जागेत माणसं जमवण्याला माझा विरोध नाही. गोव्यात तो असूच शकत नाही. मी ज्या रस्त्यावर काम करते त्याचं नावच 18 जून. 1946 च्या त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया सभेला उभे राहिले. पोर्तुगीज सरकारची परवानगी घेतल्याशिवाय चार माणसांपुढे बोलायची सोय नव्हती, आणि तीच बंदी मोडायला ते आले होते. त्यांना आणि डॉ. जुलियांव मिनेझिसना पोलिसांनी तिथेच धरलं. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला. आपल्या बागेतच बघा, मधल्या खांबावर एके काळी वास्को द गामा होता, आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. आझाद मैदानात गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. आता तिथे गोवा मुक्तिलढ्यातले नेते टी. बी. कुन्हा यांचं स्मारक आहे आणि ज्यांना सरकारशी भांडायचं आहे ती माणसं तिथे उपोषणाला बसतात. म्हणजे या शहरातल्या मोकळ्या जागा साहेबाच्या पुतळ्याकडून लोकांकडे आल्या, आणि आता लोकांतल्या लोकांनाच 'त्यो निमंत्रितांक' ऐकावं लागावं, हे काही मला पटत नाही.

ही बाग ज्याच्या नावाची आहे त्या गार्सिया द ओर्ताबद्दल थोडं. तुमच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालक जागेचा उल्लेख 'या निसर्गरम्य वातावरणात' असा करून पुढे जातो, म्हणून सांगते. हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. आंबा, फणस, नारळ, चिंच, विड्याचं पान, भांग, जे दिसेल त्याबद्दल तो इथल्या वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना खोदून खोदून विचारायचा. ते सगळं त्याने दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात लिहिलं आणि 1563 साली ते पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं ते एक. तो गेला 1568 साली. त्याचं घराणं मुळात ज्यू, वरवर ख्रिस्ती झालेलं, असा ठपका इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने ठेवला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि 1580 साली त्याचीही हाडं कबरीतून उकरून जाळली. अशा माणसाचं नाव या शहराने एका बागेला दिलं. मला वाटतं, पणजीत आजवर झालेल्या नामकरणांत इतकं चोख दुसरं नसेल. झाडांची विचारपूस करण्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या नावाची बाग आहे ही. आणि तिथे झाडांचं तुम्ही काय करता?

दगडी कट्ट्याजवळच्या एका झाडाला माझ्या डोळ्यांच्या उंचीवर एक खिळा आहे. चांगला बोटभर. कुणीतरी कधीतरी फोकस टांगायला ठोकला. काढला नाही. पुढच्या मंडळाला तयार खिळा मिळाला, त्यांनी त्याला वायर गुंडाळली. जाताना वायर कापून नेली, पण प्लॅस्टिकचा पट्टा तिथेच राहिला. आता त्या खिळ्याला काळे, पांढरे, एक हिरवा असे पट्टेच पट्टे आहेत, आणि साल चारी बाजूंनी फुगून खिळ्याच्या डोक्यावर आली आहे. खालून डिंकाचा ओघळ उतरून सुकलाय. माझ्या मुलाने नखाने तो खरवडून पाहिला आणि विचारलं, हे झाडाचं रक्त का? आठवीतला मुलगा, विज्ञानात ब्याऐंशी मार्क, त्याला डिंक म्हणजे काय हे माहीत आहे. तरीही विचारलं. गोव्यात 1984 पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, झाड तोडायचं तर परवानगी लागते. खिळा ठोकायला मात्र हातोडी पुरते.

वर रात्रभर माळा. खोडापासून फांद्यांपर्यंत गुंडाळलेले निळे-हिरवे दिवे. फोटोत छान दिसतात, कबूल. पण संध्याकाळी त्या झाडांवर पाखरं उतरतात तेव्हाचा गलका ऐका, आणि दिवे लागलेल्या दिवशीचा गलका ऐका. दुसरा संपतच नाही. कार्यक्रम दोन तासांचा असतो, माळा मात्र आठवडाभर लोंबत राहतात, कारण डेकोरेशनवाल्याचा माणूस दुसऱ्या साइटवर असतो.

मांडव उठल्यावर हिरवळीवर पिवळा चौकोन राहतो. त्याबद्दल फार लिहीत नाही. माळी पाणी घालून घालून तो पुसत आणतो, तोवर पुढचं मंडळ येतं.

आवाजाचं थोडं गुंतागुंतीचं आहे. 2000 सालच्या केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे तुम्हालाही पाठ आहे आणि दहाच्या ठोक्याला तुम्ही बहुतेक वेळा बंदही करता. पण बाग दहाच्या आधीच वापरात असते ना! त्याच नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबलची आणि व्यापारी भागासाठी 65 डेसिबलची मर्यादा आहे. दोन माणसं शेजारी बसून साधं बोलतात तेच 60 च्या घरात जातं. म्हणजे तुमचा माइक किती असतो, याचा हिशेब तुम्हीच करा. मी डेसिबल मोजायला जात नाही. माझं मोजमाप सोपं आहे, आजींना सोबतच्या मुलीचं बोलणं ऐकू येतं की नाही. येत नाही. दोघी गप्प बसतात.

त्यातही गाणी असली तर एक वेळ चालेल. गोव्यात गाणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. पण निम्मा वेळ जातो तो समई लावण्यात, शाल-श्रीफळात आणि 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही' असं म्हणणाऱ्यांच्या भाषणांत. एका पर्यावरण-जागृतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोपं दिली, कल्पना चांगली. कार्यक्रम संपल्यावर त्यातली बरीच रोपं पांढऱ्या खुर्च्यांखाली तशीच पडली होती. कढीपत्ता, तुळस, एक जास्वंद. माळ्याने ती गोळा करून नळापाशी ठेवली आणि आम्हा बायकांना म्हणाला, न्या घरी. आमच्या डिचोलीच्या अंगणात त्यातला कढीपत्ता चांगला वाढलाय. तेवढ्यासाठी तुमचे आभार.

सगळेच कार्यक्रम असे नसतात, आणि ते सांगितलं नाही तर पत्र एकतर्फी होईल. एका रविवारी सकाळी मुलांची चित्रकला स्पर्धा झाली होती. मांडव नाही, माइक नाही. मुलं पाट घेऊन जिथे सावली तिथे बसली, एक बाई शिट्टी वाजवून वेळ सांगायच्या, अकराच्या आत सगळं आवरलं. बाकांवर नेहमीची माणसं बसलेली होती. दोनतीन मुलांनी त्यांचीच चित्रं काढली. पेपरवाल्या दोघांपैकी एकजण बक्षिसाच्या चित्रात आहे आणि हल्ली तो जरा ताठ बसतो.

आणि आपलं 8 डिसेंबरचं फेस्त, चर्चचा वार्षिक उत्सव. चर्चच्या भोवती फेरी, म्हणजे जत्रा भरते, खाज्याचे आणि चण्यांचे ढीग लागतात, खेळण्यांचे पिपाणे वाजतात, ब्रास बँड येतो. गर्दी तुमच्या कार्यक्रमाच्या कैकपट. पण त्या गर्दीत मला आजवर कुणी 'हांगा बसूं नाका' म्हटलेलं नाही. हिंदू बायका खाजं घेऊन बागेत बसतात, ख्रिस्ती बायका मिस्साहून येऊन शेजारी बसतात, कुणाची पिशवी कुणाच्या मांडीवर. फेस्ताला निमंत्रित नसतात, हे त्याचं कारण असेल का? मला तरी तसंच वाटतं.

म्हणून मागणी अशी की, कार्यक्रम करा, पण बाक सोडा. कडेचे सगळे बाक जिथे आहेत तिथे राहू द्यात, त्यांच्यावर पेट्या ठेवू नका, त्यांच्यापुढे रांगा लावू नका. मोठं व्यासपीठ आणि दोन सोफे लागणारच असतील तर तो कार्यक्रम बागेचा नाही, त्याला सभागृह घ्या किंवा कांपालला जा. तिथे मैदान आहे, मांडवीचा वारा आहे, गाड्या लावायलाही बरं. खुर्च्या मांडल्याच तर त्या पहिल्या येणाऱ्याच्या. मग तो मंत्री असो, चणेवाला असो. झाडाला खिळा नको, जुने आहेत तेही सावकाश काढायला एखादा जाणता माणूस आणा, त्याचा खर्च तुमच्या एका फ्लेक्सपेक्षा कमी येईल. माइकची चाचणी पाच मिनिटांत होते, मी लग्नाच्या हॉलमध्ये होताना पाहिली आहे. आणि आदल्या दिवशी फाटकावर एक साधा कागद लावा, उद्या अमुक वेळ ते तमुक वेळ कार्यक्रम आहे. पाहुण्यांना महिनाभर आधी कळतं. आजींना निदान एक दिवस आधी कळू द्या, म्हणजे त्या मळ्यातून उन्हातून चालत यायच्या नाहीत.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात तुमच्या बैठका सुरू होतील. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मग फेस्त, नाताळ, पुढे कार्निव्हल आणि शिगमो. सगळ्यांच्या तारखा एकमेकींना खेटून असतात. तारखा पक्क्या करण्याआधी तुमच्यातल्या दोघातिघांनी एखाद्या मंगळवारी बिल्ला न लावता बागेत यावं, अशी विनंती आहे. चर्चच्या बाजूने आत शिरलात की डाव्या हाताला आमचा कोपरा. बसायला जागा करून देऊ. मात्र साडेपाच ते सातच्या मधे या, सातनंतर आम्हाला डिचोलीची बस धरायची असते.

आपली,
शिकवणी सुटायची वाट पाहणारी एक आई